१५ ऑगस्टचा सेल, तिरंग्याचा फ्लेक्स आणि पाचशे रुपयांचा दंड

ऑगस्ट लागला की नाशकात कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंत दुकानांच्या काचा, शटरं, फ्लेक्स सगळं केशरी-पांढरं-हिरवं व्हायला लागतं. "भाड्याच्या घरापासून आझादी", "महागाईपासून स्वातंत्र्य", "फक्त १९४७ रुपयांत". मग सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षीचं भांडण सुरू होतं, एक जण लिहितो हा झेंड्याचा अपमान आहे, दुसरा लिहितो अरे देशप्रेम दाखवलं तर बिघडलं कुठे, तिसरा दोघांना गुड मॉर्निंग पाठवून मोकळा.

गंमत अशी आहे की हे भांडण चुकीच्या प्रश्नावर चाललेलं असतं. आपल्याकडे झेंड्याचा अपमान हा एक विषय आहे आणि झेंडा वापरून धंदा करणं हा दुसरा, दोन्हीचे कायदे वेगळे, शिक्षा वेगळी. अपमानाच्या कायद्याला दात आहेत. धंद्याच्या कायद्याला जवळजवळ नाहीत. आणि दुकानदार बहुतेक वेळा ज्यात सापडतो तो दुसरा. हे एकदा नीट कळलं की बाकीचं सगळं सोपं आहे, म्हणून जरा निवांत सांगते.

आधी अपमानाचा कायदा. तो १९७१ चा, राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखण्याचा. सार्वजनिक ठिकाणी झेंडा जाळला, फाडला, पायदळी तुडवला, विद्रूप केला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण याच कायद्यात पुढे काही बारीक गोष्टी लिहिल्यात त्या फार कमी लोकांना माहीत असतात. झेंड्यावर काहीही लिहायचं नाही. झेंड्यात गुंडाळून काही द्यायचं-घ्यायचं नाही. गाडीच्या बॉनेटवर, टपावर, मागे-बाजूला झेंडा पसरायचा नाही. कमरेखालच्या कपड्यात वापरायचा नाही, रुमाल-उशीवर छापायचा नाही.

आता हे डोक्यात ठेवून बाजारात फिरा. मेन रोडला एखाद्या दुकानातून साडी घेतली की पिशवीत कागदी किंवा कापडी छोटा तिरंगा फ्री टाकतात आणि त्याच्या पांढऱ्या पट्टीवर, चक्राच्या बाजूला, बारीक अक्षरात दुकानाचं नाव आणि मोबाईल नंबर छापलेला असतो. देणाऱ्याला वाटतं आपण पुण्याचं काम करतोय आणि सोबत जाहिरात होते, दुहेरी फायदा. प्रत्यक्षात ही त्या अख्ख्या सेलमधली सगळ्यात बेकायदेशीर वस्तू असते, कारण झेंड्यावर मजकूर छापणं हे थेट १९७१ च्या कायद्यात येतं. तसंच गाडीच्या शोरूमचं. १५ ऑगस्टला डिलिव्हरी घेण्याची हौस असते लोकांना, आणि मग नव्या गाडीच्या बॉनेटवर तिरंगा पांघरून पेढा, नारळ, फोटो. हौस खरी आहे, पण ते चालत नाही.

मग तिरंगा बर्फी, तिरंगा ढोकळा, तिरंगा केक? इथे लोक उगाच तापतात. नुसते तीन रंग म्हणजे झेंडा नव्हे. चक्र टाकलं, प्रमाण तसंच ठेवलं की मामला झेंड्याच्या जवळ जातो. तरीसुद्धा मद्रास हायकोर्टासमोर २०२१ मध्ये अगदी हेच प्रकरण होतं, कोइम्बतूरला २०१३ च्या ख्रिसमस कार्यक्रमात अशोकचक्रासकट तिरंग्याचा मोठा केक कापला होता, आणि कोर्टाने सांगितलं की याने अपमान होत नाही, हेतू बघावा लागतो. बनारसच्या तिरंगी बर्फीला तर २०२४ मध्ये जीआय टॅग (म्हणजे त्या भागाची खास वस्तू असल्याची सरकारी नोंद) मिळालाय, स्वातंत्र्यलढ्याच्या काळातली मिठाई म्हणून. तेव्हा हलवायाच्या मागे लागू नका. फार तर खाण्याचा रंग किती ओतलाय ते बघा.

आता दुसरा कायदा, म्हणजे खरा विषय. १९५० सालचा, बोधचिन्हं आणि नावांचा गैरवापर रोखणारा. याच्या कलम ३ चा मतलब असा की अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीत, दिलेलं कुठलंही नाव किंवा चिन्ह, किंवा त्याची हुबेहूब वाटणारी नक्कलसुद्धा, व्यापार-धंद्यासाठी किंवा ट्रेडमार्कमध्ये वापरायची तर केंद्र सरकारची आधी परवानगी पाहिजे. त्या अनुसूचीत राष्ट्रध्वज आहे. महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी आहेत, भारताचे पंतप्रधान आहेत, आणि आपल्या महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्रही आहे. सूट आहे ती कॅलेंडरला, तीसुद्धा अशी की त्यावर फक्त बनवणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव असावं आणि कॅलेंडर मालाच्या जाहिरातीसाठी वापरू नये. किराणा दुकानातून दिवाळीला मिळणारं कॅलेंडर आठवा आणि ठरवा त्यातली किती बसतात.

ध्वजसंहिता तर आणखी स्पष्ट बोलते. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेली ही संहिता म्हणते की झेंडा कुठल्याही प्रकारच्या जाहिरातीत वापरायचा नाही आणि ज्या काठीवर झेंडा आहे तिला जाहिरातीची पाटी बांधायची नाही. म्हणजे शब्दशः वाचलं तर अर्धा गंगापूर रोड दोषी.

मग कोणी पकडत का नाही? कारण १९५० च्या कायद्यात शिक्षा काय, तर पाचशे रुपयांपर्यंत दंड. पाचशे. १९५० साली ती रक्कम मोठी होती, आज त्यात चार जणांची मिसळ आणि वर ताक एवढंच होतं. आणि त्यापुढची मेख म्हणजे खटला भरायचा तर केंद्र सरकारची किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची आधी मंजुरी लागते. आता भद्रकालीतल्या एखाद्या चपलांच्या दुकानाच्या फ्लेक्ससाठी पाचशेच्या दंडापायी दिल्लीहून मंजुरी आणायला कोण बसलंय? म्हणून गाडी तिथेच थांबते.

हे फक्त छोट्या दुकानांचं नाही. २०१६ च्या सप्टेंबरात रिलायन्स जिओने पेपरात पानभर जाहिरात दिली, पंतप्रधानांचा फोटो टाकून. नोव्हेंबरात नोटबंदी झाली आणि पेटीएमनेही तेच केलं. परवानगी कोणी घेतली नव्हती, संसदेत प्रश्न आले, आणि मार्च २०१७ मध्ये सरकारने सांगितलं की दोन्ही कंपन्यांनी माफी मागितलीय. झालं, संपलं. त्या पानाचं बिल काही लाखांत असणार, दंड पाचशे होऊ शकला असता, आणि जाहिरात आपलं काम करून गेली होती. याउलट २००९ चं मोंटब्लांक पेनाचं बघा. गांधीजींच्या नावाने त्यांनी दहा लाखांहून महाग पेन काढलं, २४१ नग, कारण दांडीयात्रा २४१ मैल. केरळ हायकोर्टात याचिका गेली आणि कंपनीने विक्री थांबवली. सूत कातणाऱ्या माणसाच्या नावाने सोन्याची निब, लोकांना ते पटलंच नाही.

म्हणजे कायद्याच्या जिवावर फार काही होत नाही, गिऱ्हाईक नाराज होईल या भीतीने होतं. याचं आपल्या भागातलं उदाहरण बिडीचं. सिन्नर म्हणजे बिडीचं जुनं गाव, तिथल्या घराघरात बायकांनी बिड्या वळल्यात, त्यामुळे हा विषय इथे लोकांना लगेच समजतो. पुण्याच्या एका कंपनीची 'संभाजी बिडी' वर्षानुवर्षं विकली जात होती. शिवप्रेमी संघटनांनी आंदोलनं केली आणि २०२०-२१ मध्ये कंपनीने नाव बदलून 'साबळे बिडी' केलं. हे काम पाचशेच्या दंडाने नाही केलं, बाजाराच्या दबावाने केलं.

ट्रेडमार्कचा प्रकार त्याहून मजेशीर. ७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूर झालं, आणि त्याच दिवशी ट्रेडमार्क नोंदणीकडे ते नाव आपल्याला मिळावं म्हणून अर्ज पडायला सुरुवात झाली. मनोरंजनाच्या वर्गात, म्हणजे सिनेमा-मालिका वगैरे. त्यात एक अर्ज रिलायन्सचा होता, लोक चिडल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी मागे घेतला आणि सांगितलं की एका ज्युनिअर माणसाने परवानगीशिवाय चुकून भरला. असेल बुवा. पण सैन्याची कारवाई अजून बातम्यांत चालू असताना तिच्या नावावर मालकी सांगायला पळणारे लोक असतात हे तरी दिसलं.

आता जरा इतिहास, कारण काही जण म्हणतील पूर्वी असं नव्हतं. होतं की. जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये कुर्ल्याची बंद पडलेली गिरणी घेतली आणि तिला नाव दिलं स्वदेशी मिल्स. बंगालच्या फाळणीनंतरची १९०५ ची स्वदेशी चळवळ त्यानंतर वीस वर्षांनी आली. त्याच वर्षी आपल्या भगूरच्या सावरकरांनी पुण्यात परदेशी कपड्यांची होळी केली, आणि विदेशी कापड जळालं की देशी गिरणीचं कापड खपणार हे सरळ होतं, गिरणीवाल्यांनी जाहिरातीत स्वदेशी स्वदेशी केलंच. फरक इतकाच की तेव्हा स्वदेशी म्हटलं की माल इथे बनलाय असं सांगणं असायचं, ती मालाबद्दलची माहिती होती. आज फ्लेक्सवरचा तिरंगा मालाबद्दल काहीच सांगत नाही.

याचं टोकाचं उदाहरण २०२० चं. जूनमध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले जवान शहीद झाले, चिनी मालावर बहिष्काराची लाट आली, आणि शाओमी या चिनी कंपनीने दुकानांवरच्या आपल्या पाट्या झाकून त्यावर 'मेड इन इंडिया' लावलं. खोटं होतं का? तसं नाही, त्यांचे फोन इथे जोडले जायचे. पण गिऱ्हाईकाने विचारलेला प्रश्न होता कंपनी कोणाची आणि पैसा कुठे जातो, आणि पाटीने उत्तर दिलं जोडणी कुठे होते याचं. एमजी रोडवर मोबाईल घ्यायला उभं राहिलं की हा फरक कोण समजावणार.

मुळात १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीलाच सेल का येतात? देशप्रेमाचा यात हात थोडाच आहे. ऑगस्टात पावसाळा, आषाढ संपलेला, श्रावण चालू, गणपती-दसऱ्याची खरेदी अजून लांब, दुकानात माल पडून. जानेवारीत संक्रांत झालेली, थंडीचा स्टॉक उरलेला. दुकानदाराला गर्दी खेचायला काहीतरी निमित्त पाहिजे आणि सरकारी सुट्टी आयती मिळते. २६ जानेवारीच्या महासेलची सवय लावली ती बिग बझारने, २००६ साली 'सबसे सस्ता दिन' करून, तेव्हा दुकानं गर्दीने तुंबली होती. नंतर तो एक दिवस तीन दिवसांचा झाला आणि आता ऑनलाईनवाल्यांचा आठवडाभर चालतो. (आपल्या नाशकात एक धंदा मात्र त्या दिवशी बंद असतो, वायनरीवाले, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी ड्राय डे. त्यांना 'आझादी ऑफर' १६ तारखेपासून द्यावी लागते.)

ओळखीतला एक जण सिडकोत फ्लेक्स छापतो, त्याच्याकडे बसलं की हे सगळं आतून दिसतं. गिऱ्हाईक येतं, म्हणतं १५ ऑगस्टचं काहीतरी बनव, दहा बाय आठ, संध्याकाळपर्यंत पाहिजे. तो जुनी सीडीआर, म्हणजे डिझाईनची, फाईल उघडतो, नाव बदलतो, मालकाचा फोटो टाकतो, खाली शुभेच्छुकांची रांग, मॅटर तपासून घेतो, रेट स्क्वेअर फुटाने, आयलेट मारून तयार. त्या फाईलमध्ये एका टेकडीवर काही जवान वाकून झेंडा रोवतायत अशी काळी सावली असते, तुम्ही शंभरदा पाहिली असेल. ती सावली कारगिलची नाही. ती १९४५ च्या इवो जिमाच्या प्रसिद्ध फोटोवरून घेतलेली, जपानच्या बेटावर झेंडा रोवणारे सहा अमेरिकन मरीन, हातातला झेंडा बदलून तिरंगा केलेला. आणि हा फ्लेक्स लागतो कुठे, तर देवळालीला तोफखान्याचं स्कूल असलेल्या नाशकात, जिथे दर चार बिल्डिंगमागे एक रिटायर्ड सुभेदार भेटेल. मी त्याला हे दाखवलं तर म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक सावली बघत नाही, मालकाचा फोटो मोठा आला का ते बघतं."

त्यात वाईट हेतू कोणाचाच नसतो, हे मान्य. पण तिरंगा दिसला की आपण दुकानदाराशी घासाघीस करायला जरा लाजतो, अटी वाचत नाही, आपला माणूस वाटतो. फ्लेक्सवाल्याला नसेल माहीत, मोठ्या कंपनीच्या मार्केटिंगवाल्याला पक्कं माहीत असतं. "प्रत्येक खरेदीमागे नफ्यातला एक टक्का जवानांसाठी" हे वाक्य घ्या. समजा वस्तू हजाराची, सगळा खर्च जाऊन कंपनीला सुटतात ऐंशी रुपये. त्याचा एक टक्का म्हणजे ऐंशी पैसे. हजार रुपये तुम्ही दिले, जवानाला ऐंशी पैसे, आणि देशसेवा केल्याचा आनंद अख्खा तुम्हाला, बोनस म्हणून. नफ्यातला की विक्रीतला, कुठल्या फंडाला, कधीपर्यंत, जास्तीत जास्त किती, हे लिहिलेलं नसेल तर ते वाक्य सजावट समजा. खरंच द्यायचं असेल तर सशस्त्र सेना ध्वजदिन निधी आहे, १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला त्यासाठी पैसे गोळा करतात, सरळ तिथे द्या, मधे शर्ट घेण्याची गरज नाही.

इथे एक गोष्ट वेगळी काढायला हवी, नाहीतर सिग्नलला झेंडे विकणाऱ्या पोरांवर कोणी ओरडेल. झेंडा विकणं आणि झेंडा दाखवून दुसरं काही विकणं या दोन गोष्टी आहेत. पहिलीला बंदी नाही. भारतीय मानकांच्या यादीत क्रमांक एकचं मानक, आयएस १, हे राष्ट्रध्वजाचंच आहे. खादीचा झेंडा हुबळीजवळ बेंगेरीला बनतो, आपल्या महाराष्ट्रात नांदेडला बनतो, लोकांचं पोट त्यावर चालतं. डिसेंबर २०२१ मध्ये संहिता बदलून मशीनवरचा आणि पॉलिएस्टरचा झेंडा चालेल असं केलं, जुलै २०२२ मध्ये घरावर रात्रीही ठेवायला परवानगी दिली, आणि ऑगस्टमध्ये 'हर घर तिरंगा' आलं. पोस्टात पंचवीस रुपयाला झेंडा मिळत होता. व्यापाऱ्यांच्या कॅट या संघटनेने तेव्हा अंदाज दिला होता की तीस कोटी झेंडे विकले गेले आणि पाचशे कोटींचा धंदा झाला. खादीवाल्यांनी तक्रार केली की स्वस्त पॉलिएस्टरने आमचं काम मारलं, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं, पण तो पुन्हा वेगळ्या लेखाचा विषय. आणि सामान्य माणसाला रोज झेंडा लावायचा हक्क मिळाला तोसुद्धा एका उद्योगपतीच्या केसमुळे, नवीन जिंदलांनी आपल्या रायगडच्या, म्हणजे छत्तीसगडमधल्या, कारखान्यावर झेंडा लावला, अडवलं म्हणून कोर्टात गेले आणि २३ जानेवारी २००४ ला सुप्रीम कोर्टाने तो अभिव्यक्तीचा हक्क मानला. तेव्हा धंदेवाईक माणसाने झेंडा लावला की ढोंगच, असंही नाही.

मग गिऱ्हाईकाने करायचं काय? तिरंगा विसरा आणि फ्लेक्सचा उरलेला भाग वाचा. एमआरपी कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एमआरपीवर साठ टक्के सूट याचा अर्थ शून्य, गेल्या महिन्यात तोच माल कितीला होता ते विचारा. बिल्डरची 'आझादी ऑफर' असेल तर जाहिरातीत महारेरा नंबर (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड पाहिजेच, क्यूआर १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा आहे, नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड. पाथर्डी फाट्याकडचे फ्लेक्स एकदा या नजरेने बघा, झेंडा चार फूट आणि क्यूआर शोधायला भिंग. तशीच ती ऑफरच्या दाव्याशेजारची चांदणी (*). वर मोठ्या मराठीत 'अर्ध्या किमतीत' आणि तळाला मुंगीएवढ्या इंग्रजीत अटी. जून २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या नियमांप्रमाणे अट त्याच भाषेत पाहिजे ज्या भाषेत दावा केलाय, आणि ठळक दिसली पाहिजे. दाखवायला एक स्वस्त वस्तू ठेवायची आणि गेल्यावर 'संपली' म्हणायचं, यालाही त्या नियमांत नाव आणि मनाई दोन्ही आहे.

आणि इथे दंड पाचशेचा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत, परत केली तर पन्नास लाखांपर्यंत दंड लावू शकतं. म्हणून १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला फोन कराल तेव्हा "यांनी तिरंग्याचा अपमान केला" असं सांगू नका, ते लोक ऐकून घेतील आणि फाईल बंद होईल. फ्लेक्सचा फोटो काढा, त्यात तारीख येऊ द्या, बिल जपून ठेवा, आणि सांगा की जाहिरातीत ही किंमत होती, काउंटरवर ही घेतली, अट दिसत नव्हती. झेंड्याचा उल्लेखसुद्धा करू नका.